हार्डलीने कुणाकुणाला गोत्यात आणलंय?

काल लेकाच्या वहीत 'आय वर्क्ड हार्डली' दिसलं आणि 1998 सालची माझी पहिली मुलाखत आठवली. छाती काढून सांगितलं होतं, "आय वर्क हार्डली, सर." समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला, "निदान खरं तरी बोलतोय." घोळ कळला वर्षभराने. माझं गणित साधं, स्लोचं स्लोली तसं हार्डचं हार्डली. हार्ड तसाच राहतो आणि हार्डली म्हणजे जेमतेम, हे कुणी सांगितलंच नव्हतं. येऊ द्या तुमचेही.

रानमेवा: मेले 😂 ताईचं ठरत होतं तेव्हा बाबा फोनवर कौतुकाने, "शी स्टडीज व्हेरी हार्डली." लग्न झालं तरी. भाऊजी अजून ऐकवतात.

एसटीवाला: दहावीचं हार्डली-व्हेन आठवा. 'हार्डली हॅड ही रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट.' तो माणूस अजून फलाटावरच असेल. हॅड आधी का, विचारलं की बाई म्हणायच्या, मार्क हवेत ना?

काकू_ठाणे: कुकर लावून आले. हार्डलीतच नकार असतो, म्हणून 'ही हार्डली ईट्स' पुढे 'डझ ही?' येतं. मी 'डझन्ट ही' लिहिलं, 1 मार्क गेला. अजून टोचतो.

पोथीवाचक: जुन्या इंग्रजीत हार्डली म्हणजे खरंच जोरात, कठोरपणे. मग 'कष्टाने' झालं, त्यातून 'जेमतेम'. आपलंही तेच की, 'मुश्किलीने वीस माणसं आली.' धागाकर्ते, तुम्ही चुकला नाहीत, मुलाखतीला काही शतकं उशिरा पोचलात.

धागाकर्ता: हे त्या साहेबांना कोण सांगणार 🙏

चिंगी: माझं लेटली. उशीर झाला म्हणून ऑफिसात 'आय केम लेटली'. वरिष्ठ म्हणाले, हो, अलीकडे येताय खऱ्या.

रानमेवा: सासूबाईंना इंग्रजीचा हा एकच शब्द येतो. "हार्डली दहा मिनिटं गं, पुरण वाटायला." मग तासभर पाटा.

काकू_ठाणे: पाटा?? अजून? आमच्याकडे पुरणयंत्र. पण ती चव नाही हे खरं. वेलची की जायफळ?

रानमेवा: दोन्ही. प्रमाण सांगते, पोरगा झोपू दे.