मदत हवी आहे: चौथीतल्या मुलांना स्वतःची चाल बांधायला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,

बडोद्यातल्या एका गुजराती माध्यमाच्या शाळेत चौथीला शिकवते. पट ४२. संगीताला वेगळे शिक्षक नाहीत. माझ्या गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा मध्यमापर्यंत झाल्यात हे कुणीतरी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं आणि शुक्रवारचा शेवटचा तास माझ्या गळ्यात पडला. सामान म्हणजे एक पेटी (तिचा कोमल ध दाबला की वर येत नाही), मंजिऱ्यांचे दोन जोड, बाकी डबे, चमचे, कंपासपेट्या.

प्रार्थना आणि पंधरा ऑगस्टची गाणी बसवून कंटाळले. वाटलं, पोरांनी स्वतः काही रचावं. सात-सात जणांचे सहा गट केले, पावसावरच्या चार ओळी त्यांच्याकडूनच लिहून घेतल्या आणि म्हटलं, लावा चाल. दोन गटांनी सिनेमातलं गाणं उचललं. उरलेल्या चारांचा गरबा झाला! नवरात्रात नऊ रात्री जागणारी पोरं ती, गरब्याचा सहा मात्रांचा ताल, हींच, त्यांच्या पायांतच आहे. मला गरब्याचं वावडं नाही, पण पुढच्या वेळी झोपलेल्या मांजरावरच्या गाण्याची चालही हींचमध्येच आली तेव्हा हात टेकले.

एकदाच वेगळं घडलं. एका मुलीने कंपासपेटीवर नखाने विरळ थेंब वाजवले, गटाने ते वाढवत नेले, डब्यांवर सर कोसळली आणि एकदम सगळे गप्प. मग बऱ्याच वेळाने चमच्याचा एकच ‘टिंग’. पागोळीचा शेवटचा थेंब. अंगावर काटा आला. आठ दिवसांनी विचारलं तर कुणालाच धड आठवेना. म्हणून भातखंडे पद्धतीने स्वर लिहायला शिकवायला गेले. मंद्राला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराला, खाली टिंब, कोमलाला खाली रेघ... तास रेघा मारण्यातच संपला. गायक मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी बनवली, १८८६ मध्ये सयाजीरावांनी त्यांच्याकडे संगीतशाळा सोपवली, त्या गावात माझ्या पोरांना एक थेंब कागदावर धरता येऊ नये!

शिवाय एक मुलगा तबला शिकतो. तो ‘एम नहीं, एम नहीं’ (असं नाही, असं नाही) करत बाकीच्यांना हातच लावू देत नाही. आणि बाजूच्या वर्गातल्या बाई दोनदा दारात येऊन गेल्यात.

कुणी हे वर्गात केलंय का? लिहून कसं ठेवायचं, आणि मी मध्ये किती पडायचं?

---

प्रतिसाद:

ताई, तुम्ही आधी शब्द दिलेत म्हणून गरबा आला. चार ओळी समोर आल्या की मूल ओळखीच्या ठेक्यावरच चढणार. कंपासपेटीवाल्या गटाने नेमके शब्दच सोडून दिले होते, बघा. आधी आवाज, शब्द मागून.

सुरांकडे वळाल तेव्हा पेटीवर भूप रागाच्या पाच स्वरांना (सा रे ग प ध) रंगीत टिकल्या लावा. म आणि नी नसले की अर्ध्या स्वराची घासाघीस उरत नाही, मुलाने कुठूनही कुठे उडी मारली तरी कानाला बोचत नाही. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फच्या शिकवण्याच्या पद्धतीत मुलांच्या झायलोफोनवरच्या नको त्या पट्ट्या चक्क काढून ठेवतात, त्या याचसाठी. तुमचा अडकलेला कोमल ध त्यात लागतच नाही, भूपात ध शुद्ध!

भातखंडे नंतर बघू. आत्ता खुणा मुलांनाच काढू द्या आणि तो कागद दुसऱ्या गटाला वाजवायला द्या. ते जिथे अडतील तिथली खूण मुलंच सुधारतील, तुम्ही फक्त ऐका. तबलेवाल्याला तबला देऊ नका, चमचा द्या.

---

धागाकर्ती:

केलं! थेंबांना टिंबं, सरीला गिरगोटा, शांततेला कोरी जागा. दुसऱ्या गटाला वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी अशी चिडली! तडक कागद ओढून कोऱ्या जागेत ओठांवर बोट ठेवलेलं तोंड काढलं. पुढच्या खेपेला सगळा वर्ग श्वास रोखून त्या ‘टिंग’ची वाट बघत होता. तो ‘टिंग’ तबलेवाल्याचा होता. ‘एम नहीं’ अजून चालू आहे, पण आता कागदावर बोट ठेवून.

आता फक्त बाजूच्या बाई उरल्यात. डब्यांखाली जुन्या चादरी घालून बघितल्या, तर सरीचा जीवच गेला. कुणाकडे काही तोड आहे?