लुक्सोरला दोन सकाळी, सोबत चित्रकलेचे निवृत्त शिक्षक आणि एक दुखरा गुडघा: कोणती थडगी दाखवू?

सायली_क
नमस्कार मंडळी. जानेवारीत बाबांना घेऊन इजिप्तला जायचं ठरतंय. वाईजवळच्या एका शाळेत ते ३४ वर्षं चित्रकला शिकवत होते. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला मुलं बसवणं आणि त्यांची वर्षभर तयारी करून घेणं हेच त्यांचं आयुष्य. दरवर्षी एक तास ते इजिप्तला द्यायचे. फळ्यावर रंगीत खडूंनी एक माणूस काढायचे: तोंड बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. मुलं हसली की म्हणायचे, "ही चूक नाही रे, हा नियम आहे." तो नियम ज्या भिंतींवर आहे त्या भिंती त्यांनी कधी पाहिल्या नाहीत.

आता वय ७४. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डावा दुखतो. सपाटीवर तासभर चालतात. पायऱ्या कठडा धरून उतरतात, पण वीस-पंचवीस झाल्या की बसावं लागतं. टूरवाल्याने लुक्सोरच्या पश्चिम काठाला एकच सकाळ दिली होती आणि त्यातही अलाबास्टरचा कारखाना घुसवला होता. तो मी काढायला लावला, म्हणून आता पूर्ण दोन सकाळी मोकळ्या आहेत.

बाबांना सोन्यात रस नाही, रेषेत आणि रंगात आहे. त्या हिशोबाने कुठे जाऊ? आणि एक विचारायचंय. आईचं वर्षश्राद्ध मागच्याच महिन्यात झालं. तेव्हापासून बाबा मृत्यू, पुढचा प्रवास, विधी यावर खूप वाचतात, बोलतात. कैरोला ममी दाखवाव्यात की तो दिवस टाळावा?

नाईलकाठ
सायली, नोकरीनिमित्त तीन वर्षं कैरोत होतो आणि लुक्सोरला दहा-बारा वेळा गेलोय. थोडं लांबेल, पण तुमच्या बाबांसाठी लिहायला आवडतंय.

पहिली सकाळ व्हॅली ऑफ किंग्जला, म्हणजे राजांच्या थडग्यांच्या दरीला द्या. सहाला उघडते, तेव्हाच दारात असा. साध्या तिकिटात तीन थडगी येतात. सेती पहिला, रामसेस सहावा आणि तुतनखामेन यांचं तिकीट वेगळं. सेतीचं थडगं दरीतल्या सगळ्यात लांब थडग्यांपैकी एक, सुमारे १३७ मीटर. १८१७ मध्ये बेल्झोनी या इटालियन शोधकाने शोधलं. कोरीवकाम अप्रतिम आहे, पण ते जिन्यांवर जिने उतरत आत जातं. गुडघ्याचा विचार करता मी ते सोडेन. त्याऐवजी रामसेस चौथा घ्या: प्रवेशाच्या जवळ, रुंद, पायऱ्या फार थोड्या, उतार सौम्य. आणि रामसेस सहाव्याचं जादा तिकीट नक्की काढा. ते लांब आहे, पण उतरत जाणारा रस्ताच आहे. शेवटच्या दालनाच्या छतावर आकाशदेवी नूत दोनदा काढलीय, पाठीला पाठ लावून. संध्याकाळी ती सूर्य गिळते, रात्रभर तो तिच्या अंगातून प्रवास करतो आणि पहाटे तिच्या पोटी पुन्हा जन्मतो. राजाला पुरायचं ते त्या छताखाली, म्हणजे सूर्याबरोबर त्यालाही पहाट मिळावी. बाबांना तिथे मान वर करून बघायला वेळ द्या, गाइडला घाई करू देऊ नका.

दुसरी सकाळ पूर्णपणे देर अल-मदिना आणि सरदारांच्या थडग्यांना. माझ्या मते तुमच्या सहलीचा गाभा हा आहे. देर अल-मदिना म्हणजे राजांची थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांचं गाव. दहा दिवसांचा आठवडा होता. सरकारकडून मजुरी धान्यात मिळे, तांब्याच्या छिन्न्या वजन करून दिल्या जात आणि दिव्याच्या वातींचाही हिशोब ठेवला जाई. तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी ११५७ च्या सुमारास, धान्य थकलं तेव्हा या लोकांनी काम टाकलं आणि मंदिरांच्या मागे जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आलीय, कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, असं त्यांचं म्हणणं एका पपायरसवर लिहून ठेवलेलं आहे. तो आज इटलीत तोरिनोला आहे. लेखी नोंद असलेला जगातला पहिला संप तो हाच, असं मानतात.

याच लोकांनी सुट्टीच्या दिवशी, उरलेल्या वेळात, स्वतःसाठीही थडगी रंगवली. सेन्नेजेमचं पाहा. खोली आपल्या घरातल्या देवघरापेक्षा थोडी मोठी, वर कमान, भिंतींची पार्श्वभूमी पिवळी. पूर्वेच्या भिंतीवर परलोकातली शेतं आहेत. सेन्नेजेम बैलजोडी हाकत नांगरतोय आणि मागून त्याची बायको इइनेफेर्ती बी टाकत चाललीय. दोघांच्या अंगावर सणाचे पांढरेशुभ्र कपडे. आजूबाजूला पाण्याचे पाट, खाली खजुराची झाडं. राजाच्या थडग्यात तुम्हाला सूर्याच्या नौका आणि बारा तासांची रात्र दिसते. इथे एका नवरा-बायकोला पुढेही एकत्र शेत करायचंय, इतकंच मागणं आहे.

अडचण एकच. सेन्नेजेमकडे उतरणारा जिना खडा आणि अरुंद, आणि आत शिरताना वाकावं लागतं. पायऱ्या फार नाहीत. तुम्ही पुढे उतरा, बाबांना मागून सावकाश येऊ द्या, वरचा रखवालदार मदत करतो.

आणि हो, दरीची तिकिटं दरीच्या दाराशी मिळतात, पण देर अल-मदिना आणि सरदारांच्या थडग्यांची मेम्नॉनच्या पुतळ्यांमागच्या कचेरीत आधी काढावी लागतात. थेट वर गेलात तर परत खाली यावं लागेल. बहुतेक ठिकाणी पैसे कार्डानेच घेतात.

खडूफळा
नाईलकाठ यांना अनुमोदन. मी स्वतः चित्रकलेची शिक्षिका, तुमच्या बाबांचा तो तास डोळ्यासमोर आला.

त्यांना आखणीच्या चौकटी दाखवल्याशिवाय परत आणू नका. इजिप्तचा चित्रकार आधी तांबड्या गेरूत भिजवलेली दोरी ताणून भिंतीवर टिचकी मारायचा, आपला गवंडी ओळंब्यासाठी मारतो तशीच. त्या रेषांनी चौकोन पडायचे. उभा माणूस तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोनांचा. गुडघा, कंबर, खांदा कुठल्या रेषेवर येणार हे ठरलेलं. मग तांबड्याने कच्चं रेखाटन, त्यावर उस्तादाची काळ्या रंगातली दुरुस्ती, मग कोरीवकाम, शेवटी रंग. पूर्ण झालेल्या भिंतीत हे सगळं झाकलं जातं, म्हणून अर्धवट राहिलेलं थडगं आपल्यासारख्यांना जास्त शिकवतं. होरेमहेबच्या थडग्यात या सगळ्या पायऱ्या शेजारी शेजारी दिसतात. पण तिथे उतरणं म्हणजे तुमच्या बाबांच्या गुडघ्याची परीक्षा, मी नाही सांगणार.

त्याऐवजी सरदारांच्या थडग्यांतलं रामोसेचं. हा तिसऱ्या आमेनहोतेपचा आणि नंतर आखेनातेनचा, म्हणजे जुने देव बाजूला सारून एकाच सूर्यदेवाची पूजा आणणाऱ्या राजाचा, वजीर. अंगणात उतरायला पायऱ्या आहेत, पुढचं मोठं दालन एका पातळीत. भिंतीवरचं उठावाचं कोरीवकाम इतकं पातळ की उजेड बाजूने पडला तरच कळतं. केसांच्या टोपांची एकेक बट कोरलीय, आणि रंग? बहुतेक चेहऱ्यांवर फक्त डोळ्यापुरता काळा. मला विचाराल तर मानवी हाताने काढलेल्या सर्वांत सुंदर रेषांपैकी या आहेत. त्याच दालनात एक भिंत जुन्या शैलीत, एक आखेनातेनच्या नव्या शैलीत, आणि काही भाग नुसता शाईतला कच्चा. धर्म बदलला, राजाची आवड बदलली आणि शैली कशी वळली, हे दहा पावलांत दिसतं.

रंगांबद्दल बाबा विचारतीलच. तांबडा-पिवळा गेरूचा, काळा काजळीचा, हिरव्यासाठी मॅलाकाइट. निळा मात्र त्यांनी स्वतः घडवलेला: वाळू, चुना, तांबं आणि खार एकत्र करून साधारण ९०० अंशांच्या भट्टीत भाजून. माणसाने बनवलेल्या सगळ्यात जुन्या रंगांपैकी तो आहे.

अर्धविराम
रामोसेच्या त्याच दालनात दक्षिणेच्या भिंतीवर अंत्ययात्रा आहे. माझी आजी गेली त्याच वर्षी मी ती पाहिली. रडणाऱ्या बायकांचा घोळका, हात वर, सगळ्यांचे चेहरे एका दिशेला, गालांवरून ओघळणारे अश्रू रेषांनी काढलेले. मधेच एक छोटी मुलगी, तिचेही हात वर. पुढे माणसं सामान वाहून नेताहेत: पलंग, पेट्या, खुर्ची, चपला. मला एकदम आमच्याकडचं शय्यादान आठवलं. गादी, उशी, छत्री, चपला, तांब्या-भांडं. माणसाला वाटेत काय लागेल याची यादी सगळीकडे सारखीच असावी. सायली, हे बाबांना आधी सांगून ठेव, नाहीतर अचानक समोर आलं की जड जातं.

नाईलकाठ
अर्धविराम, सामान सारखं आहे हे खरं, पण भाव वेगळा आहे, तेवढं नोंदवतो. आपण ते जिवंत माणसाला देतो आणि ते गेलेल्याला पोहोचतं असं मानतो. ते सामान देहाबरोबर आत ठेवून दार बंद करत. कारण त्यांच्या लेखी देह हाच आत्म्याचा परतण्याचा पत्ता होता. देह गेला तर नाव तरी हवं, नाव पुसलं तर चित्र तरी हवं, म्हणून तर एवढं रंगकाम. आणि खरं अन्न संपलं तरी शब्दाने भागेल अशीही सोय होती. थडग्याच्या दारावरचा मजकूर येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवतो, की हजार पाव, हजार घडे बिअर, बैल, पक्षी, वस्त्रं, एवढं तोंडाने म्हण. तुझा फक्त श्वास खर्ची पडेल, मला ते मिळेल. मी प्रत्येक वेळी म्हणतो.

वैद्य_मिरज
ममींच्या प्रश्नावर लिहिते. पेशाने पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे माझी नजर थोडी वेगळी.

राजघराण्यातल्या बावीस ममी, १८ राजे आणि ४ राण्या, ३ एप्रिल २०२१ ला तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयातून मिरवणुकीने कैरोतल्याच फुस्तात भागातल्या नव्या संग्रहालयात नेल्या. तिथे दालन अंधारं, शांत, फोटोला मनाई. प्रदर्शनासारखं वाटत नाही, त्यामुळे बाबांना त्रास होईल असं मला वाटत नाही. पण आधी विचारा आणि दारात गेल्यावर पुन्हा विचारा.

त्यांना विधी समजून घ्यायचा असेल तर थोडक्यात: एकूण ७० दिवस. मेंदू नाकातून काढायचा, डाव्या कुशीत छेद देऊन आतडी, जठर, यकृत, फुप्फुसं बाहेर काढून ती वेगळी जपायची. हृदय मात्र जागेवरच. विचार आणि सदसद्विवेक तिथे असतो असं ते मानत, आणि तेच पुढे मात या सत्याच्या देवीच्या पिसाशी तोलायचं असतं. मग देह नात्रोन नावाच्या नैसर्गिक खारात पस्तीस-चाळीस दिवस झाकून ठेवायचा म्हणजे पाणी शोषलं जातं. शेवटी तेलं, राळ आणि तागाच्या पट्ट्या. मी रोज जे काम करते त्याच्या बरोबर उलट हेतूने, पण तितक्याच काटेकोरपणे केलेलं काम आहे हे. सेकेनेन्रे राजाच्या कवटीवर कुऱ्हाडीचे घाव अजून स्पष्ट आहेत. पाचव्या रामसेसच्या चेहऱ्यावर देवीच्या रोगासारखे फोड. चार फुटांवरून एका रुग्णाकडे बघतोय असंच वाटतं.

कुडाळकर
एक छोटी भर. दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकपुड्यांत काळ्या मिरीचे दाणे सापडलेत. मिरी मलबारची, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरून थोडं खाली. माझ्या परसातल्या सुपारीवर मिरीचा वेल चढलाय. हे कळलं तेव्हापासून मिरी तोडताना तीन हजार वर्षांपूर्वीचा तो माणूस आठवतो. बाबांना त्या पेटीपाशी हे सांगा.

तोरिनोकर
इजिप्तबाहेरचं एक सुचवतो, पुढे कधी युरोपला आलात तर. देर अल-मदिनाच्या कामांचा प्रमुख खा आणि त्याची बायको मेरित यांचं थडगं १९०६ मध्ये स्क्यापारेल्ली या इटालियन पुरातत्त्वज्ञाला न लुटलेलं मिळालं. ते सामान जवळजवळ सगळं इथे तोरिनोला आहे. राजाचं काही नाही, घरातलं सगळं: पलंग, पाव, भाज्या, मेरितचा केसांचा टोप, खाचे अंगरखे आणि पन्नासेक लंगोट्या. मेरित आधी गेली, अचानक गेली असावी, कारण तिला ज्या शवपेटीत ठेवलं ती खासाठी बनवलेली होती. तिच्या मानाने मोठी, म्हणून कडेच्या रिकाम्या जागेत कापडं भरलीत. त्याने स्वतःची पेटी तिला दिली. मी दर महिन्याला एकदा जातो आणि त्या पेटीपाशी थांबतो.

नाईलकाठ
तुतनखामेनबद्दल विचाराल म्हणून: थडगं लहान आहे, रंगकाम घाईत उरकलेलं आणि जादा तिकीट. त्याची ममी तिथेच आहे, म्हणून कुणाला जायचं असेल तर जावं. पण बाबांची ताकद तिथे खर्चू नका. त्याच्या पाच हजारांवर वस्तू आता गिझाजवळच्या नव्या भव्य संग्रहालयात एकत्र मांडल्यात. तिथे सपाट, लिफ्ट, बसायला बाकं. दुसऱ्या रामसेसची राणी नेफेर्तारी हिचं थडगं उघडं असेल तर मात्र काहीही करून बघा. भिंतीतल्या क्षारांनी रंग सुटत चालले होते, अमेरिकेतल्या गेटी या कलाजतन संस्थेच्या तज्ज्ञांनी १९८६ ते ९२ अशी सहा वर्षं देऊन ते वाचवलं. वेळ मोजून देतात. उघडं आहे का ते निघण्याआधी तपासा, अधूनमधून बंद असतं. दरीतल्या प्रत्येक थडग्याचा नकाशा आणि जिन्यांचा छेद थीबन मॅपिंग प्रोजेक्टच्या साइटवर आहे, गुडघ्याचा अंदाज घरी बसून येईल.

सायली_क
सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री पूर्ण धागा बाबांना वाचून दाखवला. खा आणि मेरितपाशी ते काही बोलले नाहीत, फक्त "पुन्हा वाच" म्हणाले.

आता कार्यक्रम असा: पहिल्या सकाळी रामसेस चौथा आणि सहावा, दुसऱ्या सकाळी आधी रामोसे, मग थांबत थांबत सेन्नेजेम. खडूफळाताई, होरेमहेबच्या अर्धवट भिंतीचा एक फोटो मी लॅपटॉपवर मोठा करून लावला. बाबांनी कपाटातून जुनी फूटपट्टी काढली आणि पडद्याला टेकवून तळपायापासून चौकोन मोजत गेले. अठरा भरले. मग हाताच्या बोटांपाशी थांबले आणि म्हणाले, "इथे बघ, तांबड्याने पोराने काढलंय, काळ्याने मास्तरांनी सुधारलंय. अंगठा चुकला होता त्याचा."

तिकिटं आज काढतेय.