अहिराणी रेडिओ कार्यक्रमात गाण्यांखेरीज काय ठेवावं?

बोरीकाठची (पारोळा)
आमच्या भागातल्या कम्युनिटी रेडिओवर दर रविवारी तासभर अहिराणी कार्यक्रम माझ्याकडे आलाय. केंद्रवाले म्हणतात, कानबाईची, आखाजीची गाणी लावा, लोक ऐकतीलच. गाणी मलाही जीव की प्राण आहेत. पण नुसती गाणी लावली तर बोली सणावारापुरतीच उरेल, ही धास्ती वाटते.

सध्या नाहुम स्तुच्कोव्ह डोक्यातून जात नाही. १८९३ ला पोलंडात जन्मलेला हा नट १९२३ मध्ये अमेरिकेत गेला आणि पुढे न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईव्हीडी रेडिओ केंद्रासाठी यिडिशमधून, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतून, मालिका लिहू लागला. विषय घरातलेच: आईबाप, अमेरिकेत वाढलेली पोरं, त्यांची भांडणं. दुसऱ्या महायुद्धात युरोपातले यिडिश बोलणारे लाखोंनी मारले गेले, आणि १९५० मध्ये याच माणसाचा दीड लाखावर शब्द-म्हणींचा कोश निघाला. रोजची भांडणं इतक्या जिवाभावाने लिहिणाऱ्यालाच ते जमावं!

आमच्या घरी आई विचारते, "कथा जाई ऱ्हायना रे भो?" (कुठे चाललास रे?) भाचा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, "क्लासला." हेच नाटुकल्यात घ्यायचंय. बोलीत रेडिओसाठी कुणी लिहिलंय का? मराठी किती चालवू?

जुना निवेदक (जळगाव)
ताई, भाच्याला मराठीतच बोलू द्या. त्याच्या तोंडी अहिराणी घातली की सगळं खोटं वाटेल. आणि संहिता आधी आईंना मोठ्याने वाचून दाखवा. जिथे त्या अडखळतील तिथे तुमची पुस्तकी मराठी शिरलेली असते.
शंभर वॅटचा ट्रान्समीटर, आवाज दहा-पंधरा किलोमीटर जाणार. म्हणून गावांची, नाल्यांची, बाजाराच्या वारांची खरी नावं घ्या. कापूस वेचणीची मजुरी, बोंडअळी, चुकलेली एसटी, हे सगळं नाटुकल्यात येऊ द्या. बातम्या मात्र स्वतःच्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच घ्याव्या लागतात.

तापीथडी (शहादा)
माझी एकच कळकळीची विनंती: मूळ रेकॉर्डिंग पुसू नका. जुने यिडिश कार्यक्रम ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर होते. महायुद्धात कितीतरी तबकड्या भंगारात वितळल्या. १९८५ मध्ये यिडिश संगीताचे अभ्यासक हेन्री सापोझ्निक यांना उरलेल्यांचा एक ढीग सापडला, म्हणून ते आवाज आज कानावर पडतात. आपल्याकडे तर फोन भरला की पहिलं रेकॉर्डिंगच उडवतात. फाइलच्या नावात बोलणाऱ्याचं नाव, गाव, तारीख घाला. गाव हवंच, बागलाणची अहिराणी आणि चाळीसगावची अहिराणी एक नाही.

बोरीकाठची
दादा, आईसमोर वाचलं. दुसऱ्याच वाक्याला म्हणाली, "आशे कोन बोलस?" ते बदललं. फायलींची नावंही आजपासून तशीच. आता भाच्याच्या भूमिकेला आवाज हवाय, आमचा तयार नाही. पारोळा-अमळनेरकडे बारा-तेरा वर्षांचा, न लाजता बोलणारा मुलगा कुणाच्या ओळखीत असेल तर त्याच्या आईवडिलांशी बोलून मला कळवा.