बुद्धिबळात आठव्या खेळीतच वजिरावजिरी झाल्यावर डाव कोणाचा?

प्रश्न (फोंडा)
गेल्या रविवारी म्हापशातील एका स्पर्धेत मी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होतो. रुय लोपेझ या सुरुवातीत प्रतिस्पर्ध्याने बर्लिन बचाव (काळ्याची एक उत्तरपद्धत) निवडला आणि आठव्याच खेळीत वजिरावजिरी झाली, म्हणजे दोघांचेही वजीर मारले गेले. काळ्याचा किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवून राजाला आडोसा देणे) करण्याचा हक्क गेला, सी या उभ्या पट्टीवर त्याची दुहेरी, म्हणजे एकामागे एक, प्यादी झाली आणि माझे प्यादे ई5 या घरावर पोहोचले, म्हणून डाव माझाच असे मी धरून चाललो आणि अखेर हरलो. ही स्थिती नेमकी कशी जोखावी?

उत्तर (मडगाव)
किल्लेकोटाचा मुद्दा आपण फार वजनदार मानलात. वजीर नसताना मध्यभागी असलेल्या राजाला मोठे भय नसते. फक्त काळ्याच्या हत्तींचा मेळ बसायला वेळ लागतो. पांढऱ्याचा टिकाऊ फायदा प्याद्यांत आहे. सगळी मोहरी मनातल्या मनात उचलून केवळ राजे आणि प्यादी ठेवून पाहा: राजाच्या बाजूला (पटाच्या ई ते एच पट्ट्यांत) आपली चार विरुद्ध तीन, तर वजिराच्या बाजूला काळ्याची चार असूनही दुहेरीमुळे त्यांतून विरोधी प्याद्यांच्या अडथळ्याविना पुढे सरकणारे प्यादे निघणे कठीण. तो डाव पांढऱ्याचाच. मात्र तिथवर पोहोचण्यापूर्वी काळ्याचे दोन उंट आडवे येतात. आपण पांढऱ्या घरांचा उंट सी6 वर देऊन टाकलेला असतो आणि ई5 वरचे प्यादे काळ्या घरावर असते, त्यामुळे ई6, एफ5 ही घरे काळ्याला आयती मिळतात. म्हणून प्रत्येक मारामारीआधी काय उरेल ते पाहावे. विरुद्ध रंगांचे उंट (एकाचा पांढऱ्या घरांवरून, दुसऱ्याचा काळ्या घरांवरून चालणारा) उरले, तर जादा प्याद्यानेही डाव सहसा बरोबरीत सुटतो.

उत्तर (डिचोली)
2000 साली लंडनच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत रशियाच्या क्रामनिकने हाच बचाव चार वेळा खेळला आणि चारही डाव बरोबरीत सुटले. त्याचा प्रतिस्पर्धी कास्पारोव्ह याला त्या लढतीत एकही डाव जिंकता आला नाही. गोव्यात 2025 मध्ये विश्वचषक झाल्यापासून माझ्याकडे शिकणारी मुलेही तो आवडीने खेळतात. आपण जी4 (जी पट्टीवरचे प्यादे दोन घरे पुढे) केव्हा खेळलात?

प्रश्नकर्ता
दहाव्या खेळीत, सर, एफ5 वरच्या घोड्याला हुसकावण्यासाठी. त्याने घोडा हलवून मग एच5 खेळले आणि पुढे एच पट्टी उघडून हत्ती आत शिरवला.

उत्तर (डिचोली)
चूक तिथेच झाली. किल्लेकोट न करताही एच5 मुळे त्याचा हत्ती जागेवरूनच कामाला लागतो. आधी एच3 आणि घोडा सी3 वर आणावा, ‘डी’ पट्टीवर हत्ती ठेवावा, आणि जी4 ला पुरेसा आधार असेल तेव्हाच ते प्यादे पुढे सरकवावे.