बाबांच्या कॅसेट लॅपटॉपवर घेताना तानपुरा गायब

मिरजेचा_काळी१:
बाबा गायचे. त्यांच्या १९८६ ते ९३ मधल्या चौदा कॅसेट घरात आहेत, एकीवर दर्ग्याच्या उरुसातली बैठकही आहे. दोन कॅसेटची फीत चिकटायला लागलीय, म्हणून घाई.

डेकच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपच्या एकुलत्या एक गोल भोकात घातली. ऐकून बघतो तर बाबा नाहीतच, नुसती पंख्याची घरघर आणि गल्लीतला भाजीवाला. मग दुकानदाराने दोन तोंडांचा कनेक्टर दिला. आता बाबा आले, पण ताना फाटतात, मागे सतत गुणगुण आहे आणि तानपुरा ऐकूच येत नाही. कॅसेटवर तो उजव्या बाजूला स्वच्छ आहे. काय चुकतंय?

वायरवाला_सांगली:
पहिल्या वेळी लॅपटॉपने स्वतःचाच माइक धरला होता. पुढच्या वेळी आधी लॅपटॉपवर नखाने टकटक करून बघा. रेकॉर्डिंगचा काटा उडाला, तर आतलाच माइक चालू आहे.

आता कनेक्टरचं. त्या भोकातल्या पिनला चार भाग असतात: टोकाला डावा, मग उजवा, मग अर्थिंग आणि बुडाशी माइक. म्हणजे ऐकायला दोन बाजू, पण आत घ्यायला एकच. तुमचा तानपुरा तिथेच राहिला. शिवाय माइकला काही मिलिव्होल्टच लागतात, डेक त्याहून कितीतरी जास्त देतो, म्हणून ताना फाटतात.

यूएसबी साउंड कार्ड घ्या, पण त्यावर ‘लाइन इन’ लिहिलेलं हवं. स्वस्तातल्या बऱ्याच कार्डांना नुसतं एकेरी माइकचं भोक असतं, ते नको. वायर डेकच्या मागच्या लाल-पांढऱ्या भोकांतून घ्या. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगसाठी तेच कार्ड निवडा, चॅनेल दोन ठेवा आणि सर्वांत चढी तान उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

सातारा_तंबोरा:
गुणगुणीसाठी चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. थांबली तर ती चार्जरच्या वाटेनेच येत होती.

एक कळकळीचं सांगणं: ती नंतर फिल्टरने काढू नका. वीज ५० हर्ट्‌झची, तिची गुणगुण ५० वर आणि दुप्पट १०० वर. तुमच्या नावावरून बाबांची पट्टी काळी एक (पेटीवरची पहिली काळी) धरतो. मग तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारांचा, जोडीचा, षड्ज साधारण १३९, खालचा षड्ज म्हणजे खर्ज ६९ आणि पंचमाची तार १०४ वर. शंभरवर कात्री चालवलीत की पंचम बोथट होणार. गुणगुण मुळातच थांबवा.

मिरजेचा_काळी१:
पट्टी बरोबर ओळखलीत. कार्ड काल आणलं, चार्जर काढला, गुणगुण गेली. दोन्ही बाजू आल्या. तिसऱ्या कॅसेटच्या सुरुवातीला, गाण्याआधी, बाबा तानपुऱ्याचा मणी सरकवताना ऐकू येतात. पंचम हळूहळू वर चढतो, मग ते आईला म्हणतात, ‘‘आता छेड.’’ कॅसेटवर आम्ही हे कायम पुढे पळवायचो.

अकरा राहिल्यात. चिकटलेल्या दोन शेवटी घेईन. त्या डेकला लावण्याआधी काय करायचं, तेवढं सांगा.