दोन दिवसांच्या प्रशिक्षणात अंध व अल्पदृष्टी मुलांच्या शिक्षकांना नेमके काय शिकवावे?

प्रश्न : फिरती विशेष शिक्षिका, परभणी जिल्हा

सर्वांना नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका तालुक्यात समावेशित शिक्षणाचे काम पाहणारी फिरती विशेष शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या गट साधन केंद्रात 34 शिक्षकांसाठी सहायक तंत्रज्ञानाचे दोन दिवसांचे प्रशिक्षण ठरले आहे. हे सर्व शिक्षक जिल्हा परिषद शाळांतील आहेत, त्यांच्या वर्गात एक-दोन अंध किंवा अल्पदृष्टी मुले आहेत आणि ब्रेल किंवा स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारे सॉफ्टवेअर) यांच्याशी त्यांचा आजवर संबंध आलेला नाही. प्रशिक्षणाचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

मागील वेळचा अनुभव सांगितल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही. तेव्हा बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी दिवसभर प्रोजेक्टरवर एकामागून एक साधने दाखविली. ब्रेल डिस्प्ले, बोलणारे घड्याळ, अडथळा जवळ आला की थरथरणारी काठी अशी सगळी साधने हातोहात फिरली आणि सायंकाळी प्रमाणपत्रे घेऊन मंडळी घरी गेली. दोन महिन्यांनी मी एका शाळेत गेले तेव्हा सहावीतील मुलीसाठी आलेला मोबाइल कपाटात, वेष्टनही न काढलेल्या खोक्यात होता. त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या मालमत्तेच्या नोंदवहीत) झालेली असल्यामुळे, फुटला तर भरून कोण देणार, असा मुख्याध्यापकांचा प्रश्न होता. त्या मुलीला आपल्यासाठी मोबाइल आला आहे हेच ठाऊक नव्हते.

या खेपेस माझ्याकडे एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर बसविलेले पाच लॅपटॉप आणि शिक्षकांचे स्वतःचे मोबाइल एवढीच सामग्री आहे. मुलांपैकी निम्म्याहून अधिक अल्पदृष्टी आहेत. एवढ्या वेळात स्क्रीन रीडर पूर्ण शिकवावा, की सर्व साधनांची तोंडओळख पुन्हा करून द्यावी, की आणखी काही? ज्यांनी अशी प्रशिक्षणे घेतली किंवा दिली आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 : संगणक प्रशिक्षक, लातूर

मॅडम, मी जन्मतः अंध असून अंध विद्यार्थ्यांना संगणक शिकविणे हाच माझा व्यवसाय आहे. वर्गशिक्षकांना स्क्रीन रीडर पूर्ण शिकविण्याच्या भरीस पडू नका. तो मुलाने शिकायचा आहे आणि मुलाला तो तुमच्यासारख्या विशेष शिक्षकाने शिकवायचा आहे. वर्गशिक्षकाने मुलाला दिलेला मजकूर यंत्राला वाचता यावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा आहे, आणि गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते.

म्हणून शिक्षकांना आधीच असे कळवा की प्रत्येकाने आपण तयार केलेली मागील चाचणीची प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर घेऊन यावी. पहिल्या सकाळी त्यातली एखादी लॅपटॉपवर उघडा आणि एनव्हीडीए सुरू करा. आपल्याकडे बहुतेक टंकलेखन अजूनही कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये होते. कृतिदेवमध्ये टंकलेला 'कमल' हा शब्द पडद्यावर 'कमल'च दिसतो, परंतु संगणकाच्या लेखी तिथे डी, ई आणि वाय ही तीन इंग्रजी अक्षरे असतात, फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढविलेला असतो. डोळसाला मुखवटा दिसतो आणि स्क्रीन रीडरला आतली अक्षरे दिसतात, त्यामुळे 'कमल'च्या जागी तो 'डे' असे काहीतरी म्हणतो. आपली संपूर्ण प्रश्नपत्रिका अशी ऐकून झाली की युनिकोडवर, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा संकेतांक देणाऱ्या पद्धतीवर, वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. मी हा प्रयोग करतो तेव्हा आधी हशा पिकतो आणि मग दोन-तीन मिनिटे कोणी बोलत नाही.

तपासण्याची रीतही सोपी आहे. फाइलमधला एखादा शब्द उचलून नोटपॅडमध्ये चिकटवावा. तिथे तो देवनागरीत उमटला तर वाचता येईल, इंग्रजी अक्षरांचा काला उमटला तर येणार नाही, आणि शब्द मुळात उचलताच आला नाही तर ते पान म्हणजे निव्वळ छायाचित्र आहे असे समजावे. पीडीएफलाही हीच कसोटी लावावी. व्हॉट्सॲपवर फळ्याचा फोटो टाकून गृहपाठ देण्याची सवय तर सर्वत्र आहे. त्या फोटोतील अक्षरे अंध मुलापर्यंत नीट पोहोचत नाहीत. ज्यांना टंकणे जमत नाही त्यांना मोबाइलच्या कीबोर्डवरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलायला शिकवा, गृहपाठ आपोआप लिहिला जाईल. चुका राहतात, त्या पाठविण्यापूर्वी दुरुस्त कराव्यात.

तरीही दुपारचा तास-दीड तास शिक्षकांनी स्क्रीन रीडर स्वतः वापरावा, मात्र डोळ्यांवर पट्टी बांधून नव्हे. पट्टीने माणूस घाबरतो, आणि 'बिचारी मुले' ही भावना तेवढी घेऊन घरी जातो. एनव्हीडीएमध्ये स्क्रीन कर्टन नावाची सोय आहे, ती सुरू केली की पडदा काळा होतो आणि माणूस आपल्या जागी सुखरूप राहतो. इन्सर्टच्या कळीबरोबर 1 दाबले की दाबलेली प्रत्येक कळ आपले नाव सांगते, तिथून सुरुवात करावी. एफ आणि जे या कळांवरचे बारीक उंचवटे बोटांनी शोधायला लावावेत. त्यांच्यावरून हात फिरविला नाही असा संगणक वापरणारा नसतो, पण ते कशासाठी आहेत हे बहुतेकांना तेव्हाच कळते. आवाज एनव्हीडीएसोबतच येणाऱ्या ईस्पीकचा मराठी ठेवा. तो यंत्रासारखा वाटतो अशी तक्रार हमखास येईल, परंतु त्याला इंटरनेट लागत नाही, आणि सरावलेली मुले तो इतक्या वेगाने ऐकतात की शेजारच्याला एक शब्दही लागत नाही. 2006 साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीएचे काम सुरू केले आणि हा स्क्रीन रीडर आजही विनामूल्य मिळतो, त्यामुळे निधी नाही ही सबब निदान इथे चालणार नाही.

मोबाइलवर टॉकबॅक (अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर) सुरू करण्याआधी तो बंद कसा करायचा ते शिकवा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर आवाजाच्या दोन्ही कळा एकत्र तीन सेकंद दाबून धरल्या की तो सुरू किंवा बंद होतो, फक्त हा शॉर्टकट आधी सेटिंगमध्ये चालू करून ठेवावा लागतो. एका प्रशिक्षणात एका गुरुजींचा फोन टॉकबॅक सुरू असतानाच वाजला. पूर्वीच्या सवयीने ते उचलण्याची खूण करीत राहिले आणि प्रत्येक स्पर्शाला फोन फक्त काय काय आहे तेवढे सांगत राहिला. एका स्पर्शाने वस्तूचे नाव ऐकू येते आणि दोनदा टिचकी मारल्यावर ती उघडते, हे त्यांना त्या दिवशी कायमचे समजले.

उत्तर 2 : विशेष शिक्षक, नांदेड

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ते मुख्यतः अंध मुलांविषयी आहे. तुमच्याकडे अल्पदृष्टी मुले अधिक आहेत आणि त्यांची आबाळही अधिक होते, कारण ती चालतात, पळतात, वही डोळ्यांजवळ नेऊन वाचतातही, म्हणून 'याला दिसते की, हा आळस करतो' असे म्हणून शिक्षक मोकळे होतात.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 नुसार, शक्य ती सर्व दुरुस्ती केल्यानंतरही चांगल्या डोळ्याची दृष्टी 6/18 (इतरांना 18 मीटरवरून दिसते ते 6 मीटरवरून दिसणे) पेक्षा अधिक नसून 3/60 पर्यंत असेल, किंवा दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका नजरेत दिसणारा भाग, 40 अंशांहून कमी होत 10 अंशांपर्यंत आलेले असेल, तर ती अल्पदृष्टी होय. या व्याख्येतील 'किंवा' शिक्षकांना नीट समजावून सांगा, कारण पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या मुलांची गरज कित्येकदा परस्परविरुद्ध असते. मी स्वतः दुसऱ्या प्रकारातला आहे. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, म्हणजे नळीतून पाहावे तसे दिसते. सहावीत असताना आमच्या गुरुजींनी माझ्यासाठी मोठ्या मायेने वीतभर उंचीची अक्षरे काढून तक्ते केले होते. माझ्या नजरेत एका वेळी अर्धेच अक्षर मावत असे. साध्या पुस्तकातील ओळ मला त्याहून लवकर वाचता येत होती, पण गुरुजींचे कष्ट पाहून तसे सांगवले नाही. मोठी अक्षरे सर्वांनाच मदत करतात हा समज प्रशिक्षणात सर्वप्रथम मोडून काढावा.

त्यामुळे साधनाची ओळख करून देण्यापूर्वी शिक्षकांना निरीक्षण शिकवा. मूल पान किती अंतरावर धरते, मान कोणत्या बाजूला कलती करते, अंधाऱ्या खोलीत चाचपडते की उन्हात डोळे मिटते, हे आठवडाभर पाहून लिहून आणण्यास सांगता आले तर उत्तम. अल्बिनिझम (त्वचा, केस व डोळ्यांत जन्मतः रंगद्रव्य कमी) असलेल्या मुलाला आपल्याकडचा उन्हाळा, पत्र्याची खोली आणि उघडी खिडकी यांचाच त्रास अधिक होतो. त्याला पहिल्या बाकावर बसविण्यापेक्षा खिडकीकडे पाठ करून बसवावे, आणि मोबाइलवर रंग उलटे करून, म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरे करून द्यावीत. ज्याला मधले दिसत नाही पण कडेचे दिसते, त्याला मात्र मोठे अक्षर खरोखरच लागते. संगणकावर विंडोजची कळ आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबले की भिंग सुरू होते. फळ्याचा फोटो काढून तो दोन बोटांनी मोठा करणे हेही अशा मुलासाठी सहायक तंत्रज्ञानच आहे. ज्या शाळांत मुलांना मोबाइल आणण्यास बंदी आहे तिथे या एका कारणासाठी सूट द्यावी, हे मुख्याध्यापकांच्या उपस्थितीत बोलून घ्या.

एक छोटी सूचना. गावातल्या सुताराकडून उतरत्या फळीची वाचनपाटी करून घ्या. पुस्तक वर येते, मुलाची मान आणि पाठ वाचते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक प्रश्न राहिला. आता मोबाइल सर्व काही वाचून दाखवितो, मग मुलाला ब्रेल शिकविण्यात वर्ष का घालवायचे, असे शिक्षकच नव्हे तर पालकही मला विचारतात. माझे मत ब्रेलच्या बाजूचे आहे, परंतु ते पटवून देण्यात मी कमी पडते.

संगणक प्रशिक्षक, लातूर

त्यांना श्रुतलेखन देऊन पाहा. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हे दोन शब्द यंत्र उच्चारते तेव्हा त्यातला फरक कानाला जवळजवळ लागत नाही. ज्या मुलाने भाषा फक्त ऐकली आहे ते दहावीच्या वर्गात ऱ्हस्व-दीर्घ कुठून आणणार? 1951 पासून आपल्याकडे भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल आहे. तिच्यात प्रत्येक वेलांटीला आपले स्वतंत्र चिन्ह आहे आणि ते बोटाखालून जाते. गणिताचेही तसेच आहे. लांबलचक पदावली ऐकून डोक्यात धरता येत नाही, तिच्यावर बोटाने मागे-पुढे जावे लागते.

ब्रेलवरून संगणकावर येणारे मूल एका ठिकाणी हटकून अडखळते, तेही शिक्षकांना सांगून ठेवा. ब्रेलमध्ये जोडाक्षर लिहिताना हलन्ताचा ठिपका व्यंजनाच्या आधी येतो, म्हणजे 'क्या'साठी आधी हलन्त, मग क, य आणि काना. संगणकावरील भारतीय लिपींच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर आधी क आणि मग हलन्त दाबावा लागतो. त्यामुळे ब्रेलमध्ये पारंगत असलेली मुले सुरुवातीला संगणकावर चुकीची जोडाक्षरे लिहितात आणि शिक्षकाला वाटते की मुलाचे शुद्धलेखन कच्चे आहे. एकदा क्रमातला हा फरक सांगितला की आठवड्याभरात ती चूक जाते.

वर्गशिक्षक, बीड जिल्हा

मी विशेष शिक्षक नाही. अशाच एका प्रशिक्षणाला गेलेला साधा वर्गशिक्षक आहे, म्हणून समोरच्या खुर्चीत बसणाऱ्याची बाजू मांडतो. प्रशिक्षणात जे समजले ते शाळेत पहिल्यांदा अडल्यावर विसरले, आणि विचारायला कोणी नव्हते. माझी सूचना अशी की दुसऱ्या दिवसाचा अर्धा वेळ राखून ठेवावा आणि तो महिनाभराने केंद्राच्या शिक्षण परिषदेत वापरावा. तिथे प्रत्येकाने मुलाला प्रत्यक्ष दिलेला एक पाठ किंवा प्रश्नपत्रिका आणावी आणि काय अडले ते सांगावे. तसेच मुलालाही प्रशिक्षणाला येऊ द्या. माझ्या वर्गातील मुलाने पाऊण तासात मला जे दाखविले ते मला दिवसभराच्या व्याख्यानातून कळले नव्हते.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात, मूल आई-वडिलांबरोबर फडावर जाते आणि मोबाइल शाळेच्या कपाटात राहतो. माझ्या विद्यार्थ्याबाबत आम्ही तो मोबाइल पालकांची सही घेऊन सोबत दिला, आणि निघण्यापूर्वी मराठी आवाज व तीन धड्यांचा मजकूर फोनमध्ये उतरवून दिला, कारण फडावर रेंजचा भरवसा नसतो. मुख्याध्यापक प्रथम तयार नव्हते. मी त्यांना 2016 च्या अधिनियमातील कलम 17 दाखविले. लक्षणीय (किमान 40 टक्के) दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, अध्ययन साहित्य आणि योग्य सहायक साधने विनामूल्य पुरवावीत असे त्यात म्हटले आहे. कपाटाला पुरवावीत असे त्यात कुठेही नाही, एवढेच मी म्हणालो. मार्चमध्ये फोन परत आला, काचेला एक तडा होता आणि मुलाचे तिन्ही धडे पाठ होते.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांच्या उत्तरांवरून आराखडा बराच बदलला आहे. पहिली सकाळ शिक्षकांच्या स्वतःच्या प्रश्नपत्रिकांसाठी, दुपार लॅपटॉप आणि मोबाइलसाठी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अल्पदृष्टी मुलांचे निरीक्षण, तेही चार-पाच मुलांना पालकांसह बोलावून. दुपारचा भाग शिक्षण परिषदेसाठी राखून ठेवण्याची परवानगी मागणार आहे. मुख्याध्यापकांना पहिल्या दिवशी तासभर तरी बोलवावे लागेल, कारण कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते.

लातूरच्या सरांना विनंती आहे की शक्य असल्यास पहिल्या दिवशी त्यांनी यावे. जाता जाता कबूल करते की सर्वांना पाठविलेले निमंत्रणपत्र मी आत्ता नोटपॅडमध्ये चिकटवून पाहिले आणि इंग्रजी अक्षरांचा काला निघाला.

संगणक प्रशिक्षक, लातूर

येतो. निमंत्रण मलाही मिळाले होते आणि ते शेजाऱ्यांकडून वाचून घ्यावे लागले, म्हणून तर या चर्चेत आलो. दुसरे पाठवाल तेव्हा फाइल न जोडता मजकूरच पाठवा. लॅपटॉप आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून ठेवा, वीज गेली तरी काम थांबायला नको, आणि पाच हेडफोन मी माझे घेऊन येईन, नाहीतर एकाच खोलीत पाच आवाज एकदम बोलू लागतील.