मदत हवी आहे: काम थांबतं, पण मन कामातून निघत नाही

नमस्कार मंडळी. मी घरून अकाउंट्सचं काम करते. पोमोडोरो पद्धत वापरते: 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती. कामं वेळेत होतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण विश्रांतीतही आई शेजारी मटार सोलत गावाकडचं काही सांगत असते, मी नुसतं हं हं करते आणि डोक्यात कुणाचा तरी जीएसटी जुळवत असते. रात्री तिचं बोलणं आठवत नाही. हे फार लागतं मनाला.

इगतपुरीचं 10 दिवसांचं विपश्यना शिबिर बरेच जण सुचवतात, पण आईला एकटं सोडून जाणं शक्य नाही.

लॅपटॉप मिटल्यावर मन बाहेर काढायला तुम्ही नेमकं काय करता? उद्याची यादी संध्याकाळीच लिहून ठेवल्याने कुणाला फरक पडलाय का? घरात वयस्कर आई-वडील असणाऱ्यांनी जरूर सांगा.